बारदानासह

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी एका बेकरीला दंड केला आणि दुपारी पंच झाले. बेकरीचं रोजचंच आहे, पंच मात्र आयुष्यात पहिल्यांदा.

बेकरीवाला पुठ्ठ्याच्या खोक्यासकट बिस्किटं तोलत होता. खोकं चाळीस ग्रॅमचं. "मॅडम, चाळीस ग्रॅमनं काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं, "मग तेवढा पुठ्ठा खाऊन दाखवा." शिपाईदादांनी ऑफिसात हे सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. मला उगाच बरं वाटलं. वजनमापे खात्यात वीस वर्षं दुकानांचे काटे तपासते आहे, पण माझ्या बोलण्यावर कुणी हसण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके.

डबा खाऊन होतो न होतो तोच पोलीस आले. एका बाईच्या गोदामात गांजा सापडल्याची खबर होती. पंच म्हणून दोन सरकारी माणसं हवीत, आरोपी बाई आहे म्हणून त्यातली एक बाई हवी, शिवाय त्यांच्या काट्याची बॅटरी गेली आहे म्हणून काटाही आमचाच हवा. आमच्या साहेबांनी फाइलीतून डोकं वर न काढता माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्याइतकं काटेकोर दुसरं कोण आहे?" दुसरे पंच म्हणून दादा.

ती बाई जुनी पोती विकत घेते, झटकते, ठिगळं लावते आणि परत विकते. बारदानाचा धंदा. खोली जमिनीपासून छतापर्यंत पोत्यांनी भरलेली, धूळ इतकी की तपास अधिकारी शिंकून शिंकून बेजार. थप्पीच्या मागे एक भरलेलं पोतं निघालं. तोंड उसवलं तर आत हिरवट तपकिरी, दमट पाला, काड्या, बोंडं. दोन शिपायांनी ते बाहेर न ओतता, तसंच बारदानासह काट्यावर चढवलं. आकडा स्थिरावला तो २० किलो ३४० ग्रॅम. बाई पन्नाशीची असेल. "एका गिऱ्हाइकानं दोन दिवस ठेवायला दिलं होतं, मी उघडून पाहिलं नाही," हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. वजन होताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. अधिकारी म्हणाले, "ए, गप्प बस." मला नीट ऐकू आलं नाही.

पंचनामा चार पानी. सह्या केल्या. नमुन्याच्या पुड्यांवर चिकटवायच्या तीन चिठ्ठ्यांवरही केल्या, त्या कोऱ्या होत्या. "वजनबिजन आम्ही नीट टाकतो मॅडम, तुम्हाला उशीर नको."

घरी येऊन तीनदा हात धुतले. सासूबाई म्हणाल्या, "हात आहेत की मोरी? किती घासशील!"

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. "वीस किलोंहून अधिक गांजा जप्त, महिला अटकेत." लेक म्हणाली, "आई, तुझं नाव नाही आलं! एवढी हिरोईन आणि श्रेयनामावलीत जागा नाही." ह्यांनी चहा पिता पिता विचारलं, "सही करताना वाचलं होतंस ना सगळं?"

"वाचलं होतं," म्हटलं.

पहिलं पान वाचलं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तपास अधिकारी स्वतः काटा परत द्यायला आले. खरं तर शिपाई पाठवला असता तरी चाललं असतं. खुर्चीवर ऐसपैस बसले, चहा घेतला. "तुमच्यामुळे केस लोखंडासारखी झाली मॅडम. साक्षीदार वजनमापेवाला! वकील डोकं आपटून घेईल." निघताना म्हणाले, "तुमची मुलगी पांढऱ्या स्कूटरवर जाते ना, सकाळी सव्वासातला? हेल्मेट घालत नाही. सांगा तिला. रस्ते वाईट आहेत हल्ली."

वर्दीतला माणूस म्हटला की आपण आधीच वाईट धरून चालतो. त्यांना एवढी कामं असून माझ्या मुलीच्या डोक्याची काळजी. संध्याकाळी तिला चांगली फैलावर घेतली. ती म्हणाली, "त्यांना कसं माहीत मी कितीला जाते ते?" मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज काउंटरवर एक माणूस रांगेत उभा होता. पंचावन्नच्या पुढचा, शर्टाची बटणं वेगवेगळ्या रंगांची. पाळी आली तशी त्यानं काखेतलं रिकामं पोतं उलगडलं, नीट चौघडी घातली आणि काही न विचारता आमच्या काट्यावर ठेवलं.

१ किलो ८० ग्रॅम.

"एवढं लिहून द्या," तो म्हणाला. "बहिणीनं सांगितलंय. वजनवाल्या बाईंना म्हणावं, मोकळं पोतं किती भरतं ते लिहून द्या."

मला कळायला वेळ लागला नाही. हा त्या बारदानवालीचा भाऊ. म्हटलं, "असं खाजगी वस्तूचं वजन लिहून देत नाही आम्ही. नियम नाही." तो म्हणाला, "बरं." पोत्याची घडी घातली. मागच्या माणसाला "चला, तुमचा नंबर" म्हणून वाट करून दिली. दारात थांबून परत वळला. "ते दुसरं याच जातीचं होतं. माझ्याच हातचं ठिगळ त्याला. ओलं असेल तर जास्तच भरेल."

दादा हळूच म्हणाले, "मॅडम, हा कोण होता ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

नियम खरोखरच नाही. मी पुस्तक काढून पाहिलं. नियम असता तर दिलं असतं का?

९ डिसेंबर, मंगळवार

बारदानवालीचा जामीन फेटाळला गेला. हे मला तिच्या वकीलबाईंनी सांगितलं. मोफत कायदा मदतीतून मिळालेल्या आहेत, वय तिशीच्या आत, हातातल्या पिशवीचा बंद शिवलेला. दुपारी ऑफिसच्या जिन्यात गाठलं मला.

"मी तुमच्यावर दबाव आणायला आलेले नाही. तुम्ही सरकारी पक्षाच्या साक्षीदार आहात, खरं तर मी तुमच्याशी बोलण्याआधी दहादा विचार केला. मला फक्त एक कागद तुम्हाला वाचून दाखवायचाय."

तो जामिनाचा निकाल होता. त्यातलं एक वाक्य त्यांनी वाचलं. पंचनाम्यात निव्वळ वजन वीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम नमूद असून, पंच क्रमांक एक या स्वतः वजनमापे निरीक्षक असल्याने त्या वजनाबाबत शंका घेण्यास जागा नाही.

म्हणजे तिला आत ठेवणारं वाक्य माझ्या हुद्द्यावर उभं आहे.

मी विचारलं, "तीनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर एवढा फरक पडतो?"

"गांजा वीस किलोच्या वर गेला की कायदा त्याला व्यापारी प्रमाण म्हणतो. मग कलम सदतीस लागतं. आरोपी निर्दोष असावी आणि सुटल्यावर असा गुन्हा करणार नाही, असं न्यायाधीशांना आधीच वाटलं पाहिजे, तरच जामीन. खटला चालण्याआधी कुठल्या न्यायाधीशाला असं वाटणार? दोन-तीन वर्षं आतच जातात. वीसच्या खाली असलं, तर साधा अर्ज. तिच्या नावावर आधीचा एकही गुन्हा नाही, घर आहे, भाऊ आहे. बहुतेक मिळाला असता." मग म्हणाल्या, "ती म्हणते, वजन पोत्यासकट झालं. तुम्हाला काय आठवतं?"

मी म्हटलं, "मी कधीही बारदान वजा केल्याशिवाय वजन धरत नाही."

हे खरंच आहे. त्यांनी मान हलवली. आपण विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हे त्यांना कळलं असावं.

१० डिसेंबर, बुधवार

मी वजा केलं असणारच. नाहीतर त्या शिपायानं नंतर केलं असेल. मोकळं पोतं पुन्हा काट्यावर ठेवलं होतं का? आठवत नाही. हाताला सवयीनं झालेलं काम डोक्याला आठवत नाही, हे मी स्वतः नव्या निरीक्षकांना शिकवते.

ऑफिसची कामाची नोंदवही काढून पाहिली. त्यात माझ्याच अक्षरात, "काटा पोलीस कामी नेला. वजन २०.३४० कि." एवढंच. पोतं वजा करून निव्वळ की पोत्यासकट ढोबळ, काही नाही.

दादांना विचारलं. ते शिक्क्यांना शाई लावत होते. "मॅडम, मी लग्नाच्या कागदावरसुद्धा न वाचता सही केली. त्याची फळं भोगतोय. या कागदाचं मला काय विचारता?"

"दादा, थट्टा नको. पोतं रिकामं केलं होतं का?"

त्यांचा हात थांबला. "फेब्रुवारीच्या शेवटी मी सुटतो. पेन्शनची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. मला दिसत नव्हतं त्या धुळीत. तुम्हालाही दिसलं नसेल."

२१ डिसेंबर, रविवार

बारा दिवस झाले, एकच चक्र. ती बाई निर्दोष आहे असं मला वाटतं का? माहीत नाही. पोत्यांच्या धंद्यातल्या बाईला भरलेल्या पोत्याचा वास कळणार नाही? तिला माहीत असेलही. मग मी कुणासाठी जीव जाळते आहे? दुसरीकडे, बेकरीवाला लबाड आहे की साधा, हे पाहून मी दंड करत नाही. खोकं काट्यावर आहे की नाही, एवढंच पाहते.

आज धीर करून ह्यांना सगळं सांगितलं. हे पंपाची मोटर उघडून बसले होते, हात काळे. "तुला नक्की आठवत नाही ना? मग नक्की नसलेलं बोलून आगीत हात कशाला घालतेस?" मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ह्यांना विचारलं. सासूबाईंना नाही विचारलं.

त्या आतून म्हणाल्या, "मला ऐकू येतं हं सगळं. कान गेलेत असं मी फक्त तुमच्या सोयीसाठी म्हणते."

६ जानेवारी, मंगळवार

तपास अधिकारी पुन्हा आले. या वेळी चहा नको म्हणाले. वकीलबाई मला जिन्यात भेटल्या, हे त्यांना माहीत होतं.

"सहज आलो. हे वकील लोक साक्षीदाराला गोड बोलून घोळात घेतात. तुम्ही सही केलेला पंचनामा, त्यात निव्वळ लिहिलंय. आता उलट बोललात तर खोटा पंचनामा केल्याचं तुमच्यावरच येईल. मला तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो." मग काउंटरवरचं एक किलोचं वजन उचलून तळहातावर झेललं. "मिस्टरांचं पंपाचं दुकान कोपऱ्यावरचं ना? वायरिंग जुनं दिसतं हो. एखादी ठिणगी पुरते."

गेल्यावर दादांनी ते वजन फडक्यानं पुसून जागेवर ठेवलं. मी स्वतःला सांगत होते की वायरिंग खरंच जुनं आहे. ह्यांना बदलून घ्यायला सांगितलं पाहिजे.

११ जानेवारी, रविवार

सकाळी दूध तापत ठेवलं आणि ही वही ४ नोव्हेंबरपासून पुढे वाचली.

दूध उतू गेलं.

"तसंच बारदानासह काट्यावर चढवलं." निळ्या शाईत, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेलं. आठवत नाही म्हणून मी महिनाभर जे शोधत होते, ते त्याच दिवसाच्या पानावर होतं. ऑफिसची नोंदवही काढून पाहिली, दादांना विचारलं, ह्यांना विचारलं. उशाशी असलेल्या वहीचं मागचं पान तेवढं उलटलं नाही. काय असणार ते माहीत असल्याशिवाय माणूस इतक्या शिताफीनं एखादी जागा टाळत नाही.

पुढे १४ नोव्हेंबर वाचलं. पांढरी स्कूटर, सव्वासात. वर्दीतला माणूस किती काळजीचा म्हणून मी कौतुक केलं आहे. आणि पोरीनं तेव्हाच विचारलं होतं, त्यांना कसं माहीत?

गॅस पुसताना हाताला चटका बसला तो कळलाच नाही. ती क्लासला गेली होती. साडेनऊला परत येते. साडेनऊ ते नऊ पन्नास या वीस मिनिटांत मी दारात सहा वेळा जाऊन आले. आली ती हेल्मेट काढत म्हणाली, "काय गं, अशी काय बघतेस? घातलंय ना!"

१३ जानेवारी, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून वकीलबाईंकडे गेले. त्यांची खोली म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरचा पोटमाळा, यंत्राचा गरम वास वर येतो. वही टेबलावर ठेवली, पान काढून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आनंद होईल असं वाटलं होतं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे कोर्टात दिलं की तुमचं काय होईल, याचा विचार केलात?"

"केलाय. खात्याची चौकशी. निलंबनही."

"न वाचता सही केली, कोऱ्या चिठ्ठ्यांवर केली, हे तुम्हाला शपथेवर लिहावं लागेल. आणि सरकारी वकील म्हणतील की हे पान काल लिहिलंय. मग अख्खी वही मागतील, आधीपासून रोजची आहे हे बघायला. हिच्यात घरचं, ऑफिसचं सगळं असेल ना?"

आमचे साहेब दुपारी अडीच ते साडेतीन फाइल डोळ्यांवर धरून झोपतात, हे सप्टेंबरात मी दीड पान लिहिलं आहे. सासूबाईंबद्दल तर किती पानं, देव जाणे.

"ती कशी आहे?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात रोज विचारायची, वजनवाल्या बाई काय म्हणाल्या. आता नाही विचारत." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "एक-दोन दिवस घ्या."

१६ जानेवारी, शुक्रवार

घरात सांगितलं. स्कूटर, वायरिंग, सगळं. हे बराच वेळ बोटाला लागलेलं ग्रीस पुसत बसले. मग म्हणाले, "वायरिंग तसंही बदलायचं होतं," आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. तासाभरानं वायरची दोन भेंडोळी घेऊन आले.

लेकीला मावशीकडे राहायला जा म्हटलं. ती म्हणाली, "मी नाही जाणार. वेळ बदलते. बसनं जाते."

सासूबाई म्हणाल्या, "वही कोर्ट वाचणार? मग आधी मी वाचणार. माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते वाच. मोठ्यानं."

वाचलं. त्यांना खोटं बोलून चालणार नव्हतं, चष्मा लावून शेजारीच बसल्या होत्या. "सासूबाईंना दया येते ती फक्त मांजराची" इथपर्यंत आले आणि थांबले. त्या म्हणाल्या, "थांबलीस का? खरंच आहे ते. मांजर उलट बोलत नाही." मग त्यांनी स्वतःच ४ नोव्हेंबरचं पान काढलं. म्हणाल्या, "त्या बाईनं वजन करताना काय म्हटलं होतं गं? लिहिलंयस, ऐकू आलं नाही."

"नाही आलं ऐकू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं," म्हणाल्या.

प्रतिज्ञापत्रावर उद्या सही. वही सोबत जाणार.

२९ जानेवारी, गुरुवार

(ऑफिसच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिते आहे. वही कोर्टात आहे.)

जामिनाचा दुसरा अर्ज आज ऐकला. न्यायाधीशांनी मुद्देमाल हजर करायला लावला होता. पोतं वाळून हलकं झालं होतं. सगळं मिळून सतरा किलो सहाशे. सरकारी वकील लगेच म्हणाले, वाळल्यानं घटलं, यातून काही सिद्ध होत नाही. तेव्हा वकीलबाईंनी फक्त पोतं रिकामं करून तोलायची विनंती केली. माल ताडपत्रीवर ओतला. रिकामं पोतं काट्यावर. सगळी खोली त्या लाल आकड्याकडे बघत होती. १ किलो १४० ग्रॅम, तेही कोरडं. पंचनाम्यातल्या आकड्यातून वजा केलं तर उरतात एकोणीस किलो दोनशे.

मग मला उभं केलं. समोरच्या बाकावर तपास अधिकारी, हाताची घडी घालून.

न्यायाधीश म्हणाले, "सही तुमचीच ना? त्यावर 'निव्वळ' लिहिलंय."

"हो. रकाना छापील होता. मी वाचला नाही."

"मग खोटं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?"

"तेव्हाचं. मी न वाचता सही केली. चिठ्ठ्यांवर कोऱ्याच केल्या."

"वीस वर्षं हेच काम करता तुम्ही. त्याच सकाळी बेकरीवाल्याला दंड केलात, इथं लिहिलंय."

"हो."

कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. वहीचं पान बोटानं धरून म्हणाले, "आरोपी वजनाच्या वेळी काही बोलली, असं लिहिलंय. काय बोलली?"

"नीट ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात ती उभी होती. एवढी वाळली आहे की मी आधी ओळखलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पोत्याकडे पाहत होती. उसवलेल्या तोंडाची शिवण शिपायानं वेडीवाकडी घातली होती, ती.

बाहेर पडताना तपास अधिकारी माझ्या अगदी जवळून गेले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जामीन मंजूर. वजन व्यापारी प्रमाणाचं होतं असं आज म्हणता येत नाही, म्हणून कलम सदतीसची अट लागत नाही, असं निकालात आहे. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. कागदपत्रं होऊन उद्या सुटेल. नोव्हेंबरपासून ब्याण्णव दिवस.

मलाही कागद आला. खात्यांतर्गत चौकशी, दुकानांच्या तपासणीचं काम काढून घेतलं. साहेबांनी पाकीट हातात देताना विचारलं, "सप्टेंबरातलं ते दीड पानही कोर्टानं वाचलं का हो?"

ह्यांचं वायरिंग पूर्ण झालं. तरी दुकान बंद करताना हे मेन स्विच दोनदा तपासतात. लेक बसनं जाते. बस चुकली की फोन करते आणि फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज ती ऑफिसात आली. ठाण्यातली हजेरी लावून थेट इकडे. भाऊ बाहेर पायरीवर बसला होता. मी म्हटलं, "बसा." बसली नाही. काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बोटांच्या पेरांवर दाभणाचे जुने काळे ठिपके.

"भाऊ म्हणाला, तुमची वही जमा झाली."

"मिळेल परत."

"आणि काम गेलं?"

"थोडं गेलं."

ती मान हलवत राहिली. आभार मानेल अशी मला भीती वाटत होती. तिनं मानले नाहीत. काट्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी हळू बोलले असेन. तो साहेब शिंकत पण होता. तुम्हाला कुठून ऐकू जाणार?"

तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वहीत तेच लिहिलेलं, कोर्टात शपथेवर तेच सांगितलेलं. न वाचता सही केली हा हलगर्जीपणा, त्याची शिक्षा ठरलेली असते. ऐकून सही केली याला काय म्हणतात, ते मला स्वतःलाही तीन महिने सांगता आलं नव्हतं. दादा शाईच्या पेटीवर वाकले होते, पण त्यांचा हात चालत नव्हता.

"ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "'बाई, बारदान वजा करा,' असं म्हणालात तुम्ही. दोनदा."

मला वाटलं आता थुंकेल, किंवा ओरडेल, आणि तिनं ते करावं असंही वाटलं. तिचे ओठ हलले.

"दोनदा," ती म्हणाली. "दोनदाच म्हटलं होतं ना मी?"

"हो."

"आत बसून बसून मला वाटायला लागलं होतं, मी बोललेच नव्हते." तिनं काउंटरवरचे हात काढून घेतले. "म्हटलं, बोलले असते तर वजनवाल्या बाईंनी ऐकलं असतं."

ती गेली. भाऊ पायरीवरून उठला, तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली.

शपथेवर खोटं बोलल्याचं काय होतं, ते मी वकीलबाईंना फोन करून विचारलं. त्यांनी आधी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "जामिनाला याचा धक्का लागणार नाही. तुम्हाला लागेल." मी म्हटलं, दुसरं प्रतिज्ञापत्र तयार करा.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. "कळलं होतं मला," एवढंच म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला, जो त्या कधी टाकत नाहीत.

हे पान उद्या वकीलबाईंना द्यायचं आहे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कोरी जागा कुठे सोडलेली नाही. सही नेहमीसारखी आलेली नाही. पण सही माझीच आहे.